टिकटिक करत बंद पडलेला जुना मॉनिटर घरच्या घरी कसा दुरुस्त करायचा

ऐरोलीच्या आत्याकडचा १७ इंची मॉनिटर गेल्या पावसाळ्यात सुरू होईना. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. कान जवळ नेला की आतून बारीक टिकटिक ऐकू यायची. दुकानातून उत्तर आलं, पॅनल गेलंय, नवीन घ्या. आत्या म्हणाली, "अगं, तू एकदा बघ, मग देते भंगारात." उघडून पाहिलं तर पॅनल ठणठणीत होतं, पॉवर बोर्डावरचे चार कॅपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या गोल डब्या) तेवढे फुगले होते. चारही बदलायला शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत, आणि नातवाचा अभ्यास आजही त्याच मॉनिटरवर चालतो.

ज्यांनी आजवर हातात सोल्डरिंग आयर्न (सोल्डर नावाची धातूची तार वितळवून जोड करायचं गरम टोकाचं हत्यार) धरलेलं नाही त्यांनाही अशी दुरुस्ती करता यावी, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. हे सगळं चपट्या एलसीडी मॉनिटरबद्दल आहे, साधारण २००३ ते २०१० या काळातल्या. जाड पाठीचा, काचेच्या पिक्चर ट्यूबचा मॉनिटर घरी असेल तर त्याचं झाकण उघडूच नका. त्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकून राहू शकतात. नवख्याने तिथे हात घालू नये.

उघडण्याआधी

अर्ध्या वेळा मॉनिटर बिघडलेलाच नसतो. पडद्यावर 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' असं काही उमटत असेल तर पॉवर बोर्ड चालू आहे, बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) पण चालू आहे. मग दोष केबलचा किंवा सीपीयूचा. निळ्या व्हीजीए केबलच्या पिना नीट बघा. एखादी वाकलेली असली की चित्र पिवळं किंवा गुलाबी दिसतं. नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर लावत असाल तर एचडीएमआयमधून व्हीजीए काढायला सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसत्या पिना जोडणारी केबल चालत नाही. मॉनिटरला पांढरं डीव्हीआय सॉकेट असेल तर साधी एचडीएमआय-डीव्हीआय केबल पुरते.

पॉवर केबल बदलून बघा, ती सीपीयूचीच असते. सॉकेटमध्ये मोबाइल चार्जर लावून तिथे लाइट येतेय ना, तेही बघा. काही मॉनिटरांना बाहेर वेगळा अडॅप्टर असतो, १२ किंवा १४ व्होल्टचा. तो आधी मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या मीटरने) मोजा. अडॅप्टर मेला असेल तर मॉनिटर उघडायची गरजच नाही.

लक्षणावरून ओळखा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण आत काय शोधायचं आणि कुठे थांबायचं हे इथेच ठरतं.

दिवा लुकलुकतो, टिकटिक येते, पडदा काळा: पॉवर सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि दर वेळी बंद पडतोय. बहुतेक वेळा दुय्यम बाजूचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे कॅपॅसिटर गेलेले असतात. घरी करायला याच्याइतकं चांगलं काम नाही.

सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, एकदा झाला की दिवसभर चालतो, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी जास्त त्रास देतो: हेही कॅपॅसिटरचंच. आतलं द्रावण वाळत आलं की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. तो थंडीत आणखी वाढतो आणि गरम झाल्यावर उतरतो. या अवस्थेतच हात घाला. पूर्ण बंद पडेपर्यंत थांबलात तर जाताना तो आणखी काही घेऊन जाऊ शकतो.

चित्र दोन सेकंद दिसतं आणि पडदा काळा होतो, दिवा मात्र स्थिर राहतो: अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट डेस्कटॉप दिसला तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. या जुन्या मॉनिटरांत मागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असतात आणि त्यांना इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट देतो. एखादी नळी किंवा तिचा जोड कमजोर झाला की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. इथेही कारण कॅपॅसिटर किंवा सुटलेला डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, असू शकतं, म्हणून उघडून बघण्यात अर्थ आहे. पण नळीच गेली असेल तर नवख्याने ती बदलायला जाऊ नये. पेन्सिलीच्या शिशाइतकी नाजूक काच असते आणि आत पारा असतो.

दिवाच लागत नाही, काहीच आवाज नाही: बोर्डावरचा फ्यूज उडालेला असू शकतो. फ्यूज उगाच उडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, म्हणजे लाइट येते त्या मुख्य बाजूला, काहीतरी शॉर्ट झालेलं असतं. इथे मेकॅनिककडे न्या. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून चालू करून बघणं म्हणजे घरात आग लावणं आहे.

उभ्या रेघा, अर्धा पडदा पांढरा, शाई सांडल्यासारखा डाग: हे पॅनलचं. घरी काही होत नाही. सोडून द्या.

कॅपॅसिटर का जातो

ॲल्युमिनियमच्या डबीत एक द्रावण असतं, ते उष्णतेने हळूहळू कमी होतं आणि वायू तयार होऊन डबी फुगते. अंगावर १०५ अंश आणि कंपनीच्या माहितीपत्रकात आयुष्य २००० तास असं असलं तर २००० तासांत तो मरतो असं नाही. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांवर ३२ हजार तास. उलट दिशेने हाच हिशेब आपल्याला मारतो. मे महिन्यातलं ठाणं, भिंतीत बसवलेलं कपाट, मॉनिटरच्या मागे हवा जायला बोटभर जागा नाही आणि वरच्या जाळीवर वह्या ठेवलेल्या. शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट द्रावणाचे कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत गेले होते. त्या काळचे मॉनिटर एकाच पद्धतीने मरताना दिसतात ते त्यामुळेच.

सामान

२५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) बारीक सोल्डर वायर, सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी किंवा पंप, थोडं फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला लावतात ते), स्टार स्क्रूड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, कटर, जुनं एटीएम कार्ड. आणि मोठा कॅपॅसिटर रिकामा करायला १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप जोडून. हा रेझिस्टर विसरलात तर काम सुरू करू नका.

उघडणं आणि मोठ्या कॅपॅसिटरची भीती घालवणं

प्लग काढा. नुसता स्विच बंद करू नका, प्लगच काढा. अर्धा तास जाऊ द्या. पलंगावर दुहेरी चादर घाला आणि पडदा खाली करून मॉनिटर त्यावर ठेवा. आधी स्टँड काढा. बरेचदा दोन स्क्रू स्टँडच्या आडच असतात. स्क्रू निघाले की पुढच्या चौकटीच्या फटीत एटीएम कार्ड सरकवत जा, क्लिप एकेक करून टकटक सुटतील. पहिली क्लिप सगळ्यात हट्टी असते. खालच्या पट्टीजवळ जपून, बटणांची वायर तिथे जोडलेली असते.

आत पत्र्याची पेटी दिसेल. बाजूने गुलाबी-पांढऱ्या वायरींचे छोटे कनेक्टर बाहेर येतात, ते नळ्यांचे. वायर ओढू नका, कनेक्टरचं प्लास्टिक धरून काढा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. एका कागदावर मॉनिटरची चौकट काढून स्क्रू ज्या जागेचा त्या जागी सेलोटेपने चिकटवत जा. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर तो थेट पॅनलमध्ये घुसतो.

पेटी उघडली की पॉवर केबलच्या बाजूला सगळ्यात मोठा, अंगठ्यापेक्षा जाड कॅपॅसिटर दिसेल. त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या लाइटचं डीसी झाल्यावर त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट चढतात, आणि बोर्ड बिघडलेला असेल तर प्लग काढल्यावरही ते उतरत नाहीत. घरात आरसीसीबी (शॉक लागला की लाइट तोडणारा स्विच) बसवलेली असली तरी इथे तिचा उपयोग नाही, कारण हा धक्का वायरिंगमधून येत नाही, त्या डबीत साठलेला असतो.

म्हणून बोर्डावर इतर कुठेही हात लावण्याआधी फक्त कडेला धरून तो जरा उचला. खालच्या बाजूला या कॅपॅसिटरचे दोन डाग शोधा. पायात रबरी चपला, हात कोरडे, डावा हात पाठीमागे. एका हाताने रेझिस्टरची एक क्लिप एका डागावर टेकवा किंवा अडकवा, मग दुसरी दुसऱ्यावर, आणि वीस सेकंद तशीच ठेवा. १२० मायक्रोफॅरडचा (हे कॅपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कॅपॅसिटर १० किलोओहममधून सहा-सात सेकंदांत रिकामा होतो, बाकीचे सेकंद आपल्या समाधानासाठी. मग मल्टिमीटर डीसी १००० व्होल्टवर लावून मोजा. पाच व्होल्टच्या खाली आकडा आला की पुढे. हे मोजणं टाळू नका, रेझिस्टरची वायरच तुटलेली असेल तर ते मीटरच सांगेल. काही मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरने दोन टोकं जोडतात आणि ठिणगी उडवतात. त्यात बोर्डावरची तांब्याची पट्टी जळू शकते आणि ठिणगी डोळ्यात जाऊ शकते. तुम्ही तसं करू नका.

बघणं

आता भरपूर उजेडात बसा. दुय्यम बाजूच्या छोट्या कॅपॅसिटरांचा माथा बघा. त्यावर अधिक चिन्हासारखी किंवा इंग्रजी के-सारखी खाच असते. चांगल्याचा माथा सपाट असतो. संशय असेल तर स्टीलच्या पट्टीची कड माथ्यावर उभी टेकवा आणि मागून टॉर्च धरा. कडेखालून उजेडाची चंद्रकोर दिसली तर तो फुगलाय. आत्याच्या मॉनिटरमधल्या चारांपैकी दोन असे पट्टी टेकवल्यावरच कळले, नुसत्या डोळ्यांना ते धड वाटत होते. काही खालून फुगतात, बुडाचं रबर बाहेर येतं आणि डबी बोर्डावर तिरकी उभी राहते. काहींच्या खाचेत तपकिरी खरपुडी दिसते.

त्याच वेळी दोन गोष्टी आणखी बघा. कॅपॅसिटर हलू नये म्हणून लावलेला पिवळसर गोंद जुना होऊन तपकिरी झाला असेल तर तो वीज वाहू लागतो, लाकडी काडीने खरवडून काढा. आणि बोर्ड उलटा करून ट्रान्सफॉर्मरचे आणि कनेक्टरचे डाग तपासा. डागाभोवती केसासारखी गोल भेग दिसली तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला जोड. आमच्याकडे खाडीच्या बाजूच्या घरांत कनेक्टरवर हिरवट गंजही सापडतो, आणि एकदा तर मुख्य बाजूला चिकटून वाळलेली पाल निघाली होती. तिनेच दोन पट्ट्या जोडल्या होत्या.

जागेवरच मल्टिमीटरने कॅपॅसिटर मोजून भरवसा ठेवू नका, आजूबाजूचे भाग आकडा बिघडवतात. एक फुगलेला दिसला तर दुय्यम बाजूचे सगळे बदला, सगळ्यांचं वय एकच असतं. मुख्य बाजूला कंट्रोल आयसीजवळ (पॉवर सप्लाय चालवणाऱ्या चिपजवळ) २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक छोटासा असतो, तोही बदला. सुरुवातीचा झटका तो देतो, आणि वाळला तरी फुगत नाही म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. सगळे नवे घालूनही टिकटिक थांबली नाही असं कोणी सांगितलं की मी आधी याच्याबद्दल विचारते.

खरेदी

प्रत्येकाचे मायक्रोफॅरड, व्होल्ट, व्यास आणि उंची कागदावर लिहा. १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, ६८० ला २५, ४७० ला १६ असे आकडे सापडतील. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही. १६ च्या जागी २५ चालतो, १६ च्या जागी १० फुटतो. दुकानात "लो ईएसआर, १०५ डिग्री" असं स्पष्ट सांगा; लो ईएसआर म्हणजे अंतर्गत रोध कमी असलेला. नुसतं "हजार-पंचवीस द्या" म्हटलंत तर ८५ डिग्रीचा साधा हातात पडेल आणि सहा महिन्यांत तुम्ही परत तिथेच. उंची जास्त असेल तर पत्र्याची पेटी बंद होत नाही, म्हणून माप सोबत ठेवा. जुन्या बोर्डावरून काढलेले कॅपॅसिटर फुकट मिळाले तरी घेऊ नका.

ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडे एखाद-दुसरा मिळतो. पूर्ण यादी हवी असेल तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी पकडा आणि ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर या. ऐरोली-रबाळ्याकडून ठाणे गाठून तसंच. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. प्रत्येक आकड्याचा एक जास्त घ्या, पाच-दहा रुपयांसाठी दुसरी फेरी परवडत नाही.

बदलणं

काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येकाची ऋण बाजू बोर्डावर मार्करने खूण करा. कॅपॅसिटरच्या अंगावर वजा चिन्हांची फिकट पट्टी असते, ती बाजू ऋण. बोर्डावरही बहुतेक वेळा अर्धा रंगवलेला गोल ऋण दाखवतो, पण सगळ्याच कंपन्या तसं करत नाहीत, म्हणून फोटोवरच विश्वास ठेवा. उलटा बसवलेला कॅपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो.

१ जुलै २००६ पासून युरोपच्या नियमामुळे बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर आलं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं शिसं असलेलं १८३ ते १९० अंशांत. म्हणून जुना डाग काही केल्या विरघळत नाही असं वाटलं तर जोर लावू नका, त्यावर आपलं ताजं सोल्डर थोडं वितळवा. दोन्ही मिसळले की डाग लोण्यासारखा सुटतो. एक पाय गरम करून डबी किंचित त्या बाजूने उचला, मग दुसरा, परत पहिला. असं डुलवत डुलवत बाहेर काढा. खेचलंत तर तांब्याची पट्टी बोर्डापासून उचकटते, आणि ती दुरुस्त करणं हे मूळ कामापेक्षा अवघड आहे.

सोल्डर शोषणाऱ्या विणलेल्या पट्टीने किंवा पंपाने भोक मोकळं करा. नवा कॅपॅसिटर आत घालून पाय किंचित फाकवा म्हणजे तो पडणार नाही. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसा, पाय आणि बोर्डावरची पट्टी दोन्हींना एकदम टेकवा, एक सेकंद थांबा, मग सोल्डर टोकावर नाही तर जोडावर द्या. चकचकीत, छोट्या डोंगरासारखा डाग बसला की आधी सोल्डर आणि मग आयर्न उचला. दोन-तीन सेकंदांचं काम आहे. मळकट गोळा झाला असेल तर परत गरम करा. पहिला डाग चांगला येत नाही, म्हणून आधी भंगारातल्या एखाद्या बोर्डावर वीस-पंचवीस डाग मारून हात बसवा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि त्याआधी काही खाऊ नका. त्या वायरमध्ये शिसं असतं.

पहिल्यांदा चालू करताना

पाय कापा, दोन डाग एकमेकांना चिकटले नाहीत ना ते बघा, बोर्ड पेटीत घट्ट बसवा, पत्र्याचं झाकण लावा. नळ्यांचे कनेक्टर जोडल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर दोन सेकंदांत काळा होईल आणि काम फसलं असं वाटेल.

शक्य असेल तर इलेक्ट्रिशियन लोक वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावलेला. स्वतः बनवता येत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून आणा. मॉनिटर त्यातून चालू केला की बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला पाहिजे. पूर्ण उजेडात तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. बल्बमुळे बोर्ड जळण्यापासून वाचतो. चालू असताना उघड्या बोर्डात मीटरच्या पिना घालू नका, नवख्याला त्याची गरज पडत नाही. परत उघडायची वेळ आली तर मोठा कॅपॅसिटर परत रिकामा करा, दर वेळी.

दिवा स्थिर राहिला आणि 'नो सिग्नल' तरंगू लागलं की सीपीयू जोडा आणि पुढची चौकट नुसती टेकवून दोन तास चालू ठेवा. चित्र थरथरत नसेल, जळका वास नसेल तर प्लग काढून क्लिपा दाबा. पत्र्याच्या पेटीवर मार्करने तारीख आणि बदललेले आकडे लिहा, पुढे ज्याच्या हाती हा मॉनिटर उघडेल त्याचा अर्धा दिवस वाचेल. मागे हवेला चार बोटं जागा सोडा, वरच्या जाळीवर काही ठेवू नका, आणि रात्री मॉनिटर स्टँडबायवर न ठेवता भिंतीवरचा स्विच बंद करा.

सगळं करूनही उजेड आला नाही तर नळ्या फोडून बघू नका. आतला पारा घरात नको. मॉनिटर सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात किंवा हातगाडीवरच्या भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची वाट तीच आहे. फक्त देण्याआधी त्याची पॉवर केबल आणि चांगले स्क्रू काढून ठेवा, पुढच्या मॉनिटरला लागतात.